चेहरा दिसला पाहिजे

मावशीचं घर रत्नागिरीजवळ, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. घराला चार कॅमेरे आहेत: एक पडवीत, एक खळ्यावर, एक विहिरीकडे आणि एक फाटकाकडे तोंड केलेला. मुलगा पुण्यात असतो, रात्री झोपण्याआधी मोबाइलवर घर बघतो. काही महिन्यांपासून त्याला दिसत होतं ते पांढुरकं, गिचमिड चित्र. फाटकातून माणूस आत आला एवढं कळायचं, कोण आला ते कळायचं नाही. सगळे कॅमेरे काढून आठ मेगापिक्सेलचे लावायचे, असं त्याने ठरवलं. गणपतीच्या आधी कॅमेऱ्यांचं काम करणारा तरुण आला तो त्यासाठीच. मी तिथेच होतो आणि अंधार पडेपर्यंत त्याच्या मागे मागे फिरलो. शिडी मागायच्या आधी तो म्हणाला, "काकू, टीव्ही लावा बघू."

डीव्हीआर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा, त्याने एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडला. दिवसाउजेडी टीव्हीवरचं चित्र मोबाइलपेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. डीव्हीआर प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन प्रवाह तयार करतो. मेन स्ट्रीम हार्ड डिस्कवर साठतो. सब स्ट्रीम मुद्दाम हलका, कमी पिक्सेलचा ठेवलेला असतो, म्हणजे मोबाइलचा डेटा वाचतो. अॅपमध्ये चार चौकटी एकदम उघडल्या की हा हलका प्रवाहच येतो. एक चौकट मोठी करून एचडी निवडलं तरच खरं चित्र दिसतं. पुण्याला फोन करून त्याने हे सांगितलं, आणि तक्रारीचा एक भाग तिथेच मिटला.

पण टीव्हीवरसुद्धा माडाच्या झावळ्या हलल्या की चित्राचे चौकोनी तुकडे पडत होते. सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारी माहिती, ५१२ केबीपीएस निघाला. १०८० पिक्सेल उंचीच्या चित्राला एवढ्यात भागत नाही, आणि कोकणातल्या वाडीत तर नाहीच. स्थिर भिंतीचं चित्र थोडक्या माहितीत मावतं, वाऱ्यावर हलणारं प्रत्येक पान मात्र नवी माहिती मागतं. मुळात कॅमेरे बसवणाऱ्याने बिटरेट इतका खाली ठेवला होता, कारण त्यामुळे एक टीबीच्या डिस्कवर महिन्याहून जास्त रेकॉर्डिंग राहतं. या तरुणाने तो २ एमबीपीएस केला आणि हिशोब मावशीसमोर मांडला: एका कॅमेऱ्याला दिवसाला साधारण २२ जीबी, चारही मिळून ८६, म्हणजे डिस्क अकरा दिवसांत भरणार आणि जुनं पुसलं जाणार. मावशीने अकरा दिवस मान्य केले. मला तिचं पटलं. महिनाभर साठवलेल्या चित्रात चेहराच ओळखू येत नसेल, तर तो महिना काय कामाचा?

मग शिडी आली. पडवीतल्या कॅमेऱ्याच्या काचेवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसला होता आणि कडेने कोळिष्टक होतं. दिवसा याचा त्रास जाणवत नाही. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यांचा उजेड अगदी जवळच्या मिठावर, धुळीवर, जाळ्याच्या तारेवर पडतो आणि सरळ लेन्समध्ये परततो. धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यावर व्हावं तसं होतं. आधी रबरी पंपाने धूळ उडवायची, मग किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, हा त्याचा क्रम. कोरड्या फडक्याने घासलं तर धुळीचे कण प्लॅस्टिकच्या आवरणावर ओरखडे पाडतात आणि ओरखडे कायमचे राहतात. पडवीतला कॅमेरा घुमटाकार आहे. त्याचं आवरण उघडलं तेव्हा लेन्सभोवतीचं स्पंजचं कडं सरकलेलं दिसलं. आतल्या दिव्यांचा उजेड आवरणावर आपटून लेन्समध्ये शिरू नये, म्हणून ते कडं असतं. त्याने ते नीट दाबून बसवलं. इतकी क्षुल्लक वस्तू, पण ती सरकली की रात्रभर धुकंच दिसतं.

खळ्यावरच्या कॅमेऱ्याची जागाच चुकलेली होती. तो वळचणीला होता, समोर पागोळ्या. पावसात प्रत्येक थेंब इन्फ्रारेडमध्ये पांढरी रेघ होऊन चमकायचा आणि मोबाइलवर सूचनांचा मारा व्हायचा. शेजारची भिंतही नुकतीच चुन्याने रंगवलेली. जवळची पांढरी भिंत झगझगली की कॅमेरा सगळं चित्र आपोआप काळवंडवतो आणि लांबचं खळं अंधारात जातं. कॅमेरा हातभर आत, वाशाच्या पोटाला आला आणि भिंतीपासून थोडा वळला.

विहिरीकडच्या कॅमेऱ्यासाठी मात्र संध्याकाळची वाट बघावी लागली, कारण दिवसभर तो ठणठणीत होता. कातरवेळी त्यातून बारीकसा "टक्" आवाज आला. सेन्सरसमोरची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकते त्याचा तो आवाज. दिवसा ती काच रंग खरे ठेवते, रात्री ती दूर होते आणि चित्र काळंपांढरं होतं. त्याबरोबर दिवे लागले आणि चित्र लुकलुकायला लागलं. त्याने मल्टीमीटर लावला. घरात अॅडॉप्टरपाशी बारा व्होल्ट होते. कॅमेऱ्यापाशी दिवे लागताच आकडा दहाच्या खाली आला. दिव्यांना जास्त करंट लागतो, तो लांब, बारीक तारेतून खेचला की वाटेतच व्होल्टेज पडतं. वाटेत एक जॉइंटही होता, नुसता चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी सोडली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. त्याने तार मागे स्वच्छ तांब्यापर्यंत कापली, नवा जॉइंट बंद डबीत घेतला, आणि डबीत शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळातच गळून जातं. पुन्हा मीटर लावला. लुकलुक थांबली होती.

असे दोष पावसाळी मुलखात घरोघरी असणार, आणि त्यापायी चांगले कॅमेरे भंगारात जात असणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवा कॅमेरा त्याच सडक्या जॉइंटवर लावला, तर पुढच्या वर्षी तोही लुकलुकेल.

राहिला फाटकाकडचा, आणि खरा प्रश्न तिथेच होता. काच स्वच्छ, करंट पुरेसा, तरी माणूस ओळखू येत नव्हता. त्याने मला फाटकातून चालत यायला सांगितलं आणि टीव्हीसमोर मावशीला बसवलं. दोन गोष्टी दिसल्या. अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात चालणारा माणूस चारपाच सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणजे नाकडोळे एकमेकांत फासले जातात. त्यावर उपाय उजेडाचा: फाटकाच्या खांबावर अंधार पडताच आपोआप लागणारा साधा एलईडी दिवा. मेगापिक्सेल वाढवून हे सुटत नाही. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच उजेड येतो.

दुसरी गोष्ट अंतराची. टेहळणी कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटायला मीटरमागे २५० पिक्सेल धरले आहेत. नुसती माणसाची चाहूल लागायला २५ पुरतात. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात २५० चा हिशोब साडेसात मीटर रुंदीपर्यंतच टिकतो. फाटकाकडच्या कॅमेऱ्याला २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स होती. ती सगळं अंगण, माड, चिऱ्याचा गडगा एका नजरेत घेते, पण तिची साडेसात मीटर रुंदी जेमतेम तीन मीटरवरच संपते. फाटक त्याच्या कितीतरी पुढे. शिवाय कॅमेरा उंच असल्याने टोपी घातलेल्याची टोपीच दिसायची. अंगण पाहायचं की चेहरा, हे ठरवूनच लेन्स घ्यावी लागते, आणि ते कोणी मावशीला विचारलंच नव्हतं.

हा कॅमेरा त्याने तसाच ठेवला, अंगणासाठी. फाटकासाठी एक नवा सांगितला, दोनच मेगापिक्सेलचा, पण ६ मिलिमीटर लेन्सचा. तो डोक्याच्या थोडा वर लावला तर सातआठ मीटरपर्यंत चेहरा ओळखता येईल. पुण्याहून "एवढ्याने भागेल?" असं विचारणं झालं. भागेल, पण गाडीचा नंबर वाचता येणार नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. समोरून हेडलाइट आले की नंबर पांढऱ्या झोतात बुडतो. त्याला वेगळा कॅमेरा आणि वेगवान शटर लागतं.

निघण्यापूर्वी त्याने डीव्हीआरचं घड्याळ बरोबर केलं, ते पुढे गेलेलं होतं. चित्र पुरावा म्हणून द्यायची वेळ आलीच तर वेळेचा गोंधळ नको. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मग त्याने मावशीच्या हातात माउस दिला.

"काकू, तारीख निवडा. आता वेळ. आता पेनड्राइव्ह."

"हे माझ्या मुलाला सांग की, तो करील."

"तो पुण्याहून बघेल, काकू. पण काही घडलं तर अकरा दिवसांच्या आत हे तुम्हालाच काढून ठेवायचंय."

मावशीने चष्मा लावला आणि पहिल्यापासून पुन्हा करून पाहिलं.