वाळलेल्या रोपाची साक्ष

वाचकहो, शाळेच्या पटांगणात किंवा वाटेच्या कडेला जमिनीसरपट पसरलेली बारीक पानांची दुधी तुम्ही पाहिलीच असेल. देठ मोडला की पांढरा चीक येतो, म्हणून ती दुधी. भाजीचा दुधी निराळा बरं का! हिचेच भाऊबंद राजस्थानच्या वाळवंटातही आहेत. त्यांतले काही पाऊस पडला की उगवतात, लगबगीने फुलून बी टाकतात आणि वाळून जातात. मागे उरते नुसती वाळू. मग हे रोप इथे होते, अशी साक्ष द्यायची कोणी?

ती देतो एक कागद. १९१७ साली मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हॅलबर्ग जोधपूर-जैसलमेरकडे वनस्पती गोळा करायला गेले. त्यांनी केलेले वर्णन १९१८ पासून क्रमशः छापून आले. तिथल्या एका लहानशा दुधीला त्यांनी नवी जात म्हणून नाव दिले : युफोर्बिया जोधपुरेन्सिस, म्हणजे जोधपूरची. फादर ब्लॅटर १९३४ साली वारले. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या कॉलेजात आजही आहे.

तुम्ही म्हणाल, वाळले रोप कशाला जपायचे? असे पाहा, दोन जातींच्या दुधी वरवर सारख्याच दिसतात. फरक असतो बोंडावरच्या लवेत आणि बियांच्या पृष्ठभागावर. तो भिंगाखाली पाहावा लागतो. नीट वाळवलेले रोप शंभर वर्षांनीही तसे तपासता येते.

पण खरी किंमत कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीला. रोप कुठे सापडले, कोणत्या तारखेस, कोणी घेतले, जमीन कशी होती, हे तीवर लिहिलेले असते. चिठ्ठी हरवली, की उरतो वाळला पाला! आणि एक गोष्ट विसरू नका. नोंद नाही म्हणजे रोप नाही, असे नव्हे. कदाचित पावसानंतर तिकडे कोणी फिरकलेच नसेल.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. फूल-बोंडासह एक दुधी मुळासकट घ्या, वर्तमानपत्रात दाबा, कागद रोज बदला. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. वाळल्यावर रोप जाड कागदावर चिकटवा आणि चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्या. उद्या त्या पटांगणावर इमारत उभी राहिली, तरी इथे काय उगवत होते ते सांगणारा साक्षीदार तुमच्या कपाटात असेल.