पडसे आणि पाणबुड्या

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारणारे हौशी लोक आता मालवणकडेही दिसतात. यांपैकी एखाद्याला ऐन सुटीत पडसे झाले, तर प्रशिक्षक त्याला पाण्यात उतरू देत नाही. ‘साधे पडसेच तर आहे!’ म्हणून तो हिरमुसतो. ताप नाही, हातपाय धडधाकट. मग अडचण कोठे आहे?

काचेचा पेला पालथा धरून बादलीत सरळ खाली दाबा. आत पाणी जेमतेम शिरते. तोच पेला समुद्रात १० मीटर खोल नेला, तर निम्मा पाण्याने भरेल. पृष्ठभागावर दाब १ वातावरण असतो आणि दर १० मीटरला तो सुमारे १ वातावरणाने वाढतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे १० मीटरवर हवेचे आकारमान निम्मे होते, २० मीटरवर एक-तृतीयांश. म्हणजे सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरांतच पडतो. ‘मी फार खोल जाणार नाही’ ही सबब येथे चालत नाही, ती यामुळेच.

आपल्या मध्यकर्णात अशीच थोडी हवा असते. खाली जाताना ती आकसते व कानाचा पडदा आत ओढला जातो. घशाकडून मध्यकर्णाकडे जाणारी यूस्टेशियन नलिका हा तोल सावरते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास हलकेच बाहेर ढकलला, की कानात ‘टक्’ होते व हवा आत जाते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्वा याने १७०४ साली ही युक्ती सांगितली. तीही पाणबुड्यांसाठी नव्हे, तर कानातील पू काढण्यासाठी!

पडशात या नलिकेचे अस्तर सुजते. वाट बंद. अशा वेळी जोर केला तर आंतरकर्णाला इजा होऊन ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते. पडदा फाटलाच तर थंड पाणी आत शिरून भोवळ येते आणि वर कोठे, खाली कोठे हेच कळेनासे होते. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरावे, तर त्याचा अंमल पाण्याखालीच संपायचा. मग वर येताना प्रसरण पावणारी हवा कानात कोंडते.

छातीच्या आजारात धोका याहून मोठा. कफाने एखादी श्वासनलिका बंद असेल, तर तिच्यामागे अडकलेली हवा १० मीटरवरून वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. वायुकोश फाटून हवेचे बुडबुडे रक्तात, तेथून मेंदूत जाऊ शकतात. म्हणून न्यूमोनियानंतर फुप्फुसे तपासून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बुडी नाही.

तोवरचे दिवस कंटाळवाणे खरेच. पण साहित्य गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे, रबराच्या नळ्यांना भेगा नाहीत ना ते पाहणे, प्रवाळांतील माशांची ओळख करून घेणे, ही कामे एरवी मागेच पडतात. डॉक्टरांनी होकार दिल्यावर आधी तलावात पोहून दम पाहावा. मग पहिली बुडी उथळ पाण्यात, जोडीदारासह आणि सावकाश. दोन-तीन हात खाली जाऊनही एक कान उघडला नाही, तर वर यावे. त्या दिवसापुरते काम संपले.