मागून बघितलेले मदरबोर्ड

पोटमाळ्यावरच्या एका खोक्यात माझे चार जुने मदरबोर्ड पडून आहेत. बायको दर दिवाळीला विचारते, भंगारवाल्याला द्यायचे का? मी दर दिवाळीला म्हणतो, बघू. पाचवा बोर्ड अजून टेबलाखाली चालू आहे. १९९९ पासूनचा माझा सगळा धंदा या पाच बोर्डांवर झाला. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, दुकानांची लेटरहेडं, एखाद्या निवृत्त मास्तरांचा कवितासंग्रह. यातला एकही बोर्ड मी 'चांगला आहे' म्हणून घेतला नाही. बहुतेक वेळी जुन्यातलं काहीतरी वाचवायचं होतं आणि त्यालाच बोर्ड पसंत करायचा होता.

गिरगावात राहणाऱ्याला एक सोय होती. लॅमिंग्टन रोड चालत पंधरा मिनिटांवर. नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं त्याला जमाना लोटला, पण पार्ट आणायला निघालेला माणूस आजही लॅमिंग्टनलाच जातो. ऑपेरा हाउसवरून पुढे गेलं की दुकानांच्या पायऱ्यांवर, गाळ्यांच्या तोंडाशी खोकी रचलेली. भाव बोलायचा नाही, कागदावर लिहून घ्यायचा, आणि तो कागद संध्याकाळपर्यंतच खरा.

पहिलं मशीन १९९९ च्या दिवाळीत असेंबल करून घेतलं. ४०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन, ६४ एमबी रॅम, इंटेलच्या ८१० चिपसेटचा बोर्ड. डिस्प्ले बोर्डातच, म्हणजे वेगळ्या कार्डाचा खर्च वाचला. एजीपीचा स्लॉटच नव्हता, म्हणजे पुढे कार्ड घालायची वाटही बंद झाली. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी कळलं नसतं. पेजमेकर चालत होतं, त्यात समाधान होतं.

२००२ मध्ये कोरल ड्रॉ इतकं रेंगाळायला लागलं की पत्रिकेवरचा गणपती स्क्रीनवर सोंडेपासून पायापर्यंत उतरेतो चहा पिऊन व्हायचा. एका मित्राने नवा प्रोसेसर दिला. म्हणाला, सॉकेट तोच आहे, ३७०, बसव आणि चालव. बसला. अगदी अलगद बसला. मशीन मात्र सुरू झालं नाही. तो ट्युआलाटिन जातीचा होता. पिनांची संख्या तीच, पण व्होल्टेज आणि सिग्नल वेगळे. खाच जुळली म्हणजे जमलं, या समजुतीतून मी त्या दिवशी सुटलो. प्रोसेसर परत केला आणि नवीन बोर्डासाठी पैसे साठवायला लागलो.

मग आला २००३ चा बोर्ड. त्याच्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

मधल्या काळात मी रॅम वाढवत वाढवत २५६ एमबीपर्यंत नेली होती. एसडी रॅम, १३३ मेगाहर्ट्झची, पोटाला चिमटा काढून घेतलेली. आता पेंटियम ४ घ्यायचा तर बाजारात डीडीआर आली होती आणि जुनी रॅम तिच्या खाचेत बसत नव्हती. एसडीला १६८ पिना, डीडीआरला १८४. दुकानदाराने काउंटरखालून एक बोर्ड काढला. त्यावर दोन रंगांचे स्लॉट होते, दोन एसडीचे, दोन डीडीआरचे. ''कॉम्बो आहे. आत्ता जुनी लावा, पुढे पैसे आले की नवीन घ्या. एका वेळी एकच जात चालेल, बस्स.'' मला तर देवच भेटला.

घरी येऊन कॅबिनेट उघडलं तर जुन्या एसएमपीएसला चार पिनांचा बारा व्होल्टचा प्लगच नव्हता. पेंटियम ४ ला वीज जास्त लागते, म्हणून प्रोसेसरशेजारी तो वेगळा प्लग आलेला. परत लॅमिंग्टन रोड, नवीन एसएमपीएस. पंखाही नवा, कारण सॉकेट ४७८ ची चौकटच निराळी. रॅमचे पैसे वाचवण्यात चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला झाला.

एवढं करून मशीन धावलं असतं तर मी तक्रार केली नसती. १.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४, कागदावर जुन्याच्या चौपटीहून जास्त. प्रत्यक्षात फाइल उघडायला जेमतेम निम्मा वेळ वाचायचा. कारण नंतर एका जाणत्याने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. पेंटियम ४ च्या बसची क्षमता सेकंदाला ३.२ जीबी. माझी प्राणप्रिय एसडी रॅम देणार सेकंदाला साधारण एक जीबी. प्रोसेसर तीन घास मागतोय आणि रॅम एक वाढतेय. मी वाचवलेल्या वस्तूनेच नवीन वस्तू उपाशी ठेवली होती. दोन वर्षांनी ५१२ एमबी डीडीआर घातली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की माझ्याकडे पेंटियम ४ आहे.

तेव्हापासून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो: बोर्ड घेताना जुन्या रॅमकडे बघू नका.

पण रॅमपेक्षाही हट्टी वस्तू माझ्याकडे होती, ती म्हणजे डोंगल. ज्यांनी त्या काळात मराठी डीटीपी केलं त्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर विकत घेतलं की त्याबरोबर काडेपेटीएवढं एक कुलूप मिळायचं. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लावायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. कुलूप नसेल तर अक्षर उमटत नाही. त्यामुळे दुकानदार प्रोसेसर, कॅश, बस असं काय काय सांगत असताना मी बोर्ड हातात घेऊन उलटा फिरवायचो. मागे ती लांबट पोर्ट आहे ना? मग बोला.

२००७ च्या गणेशोत्सवाआधी, मंडळाचा अहवाल निम्मा लागलेला असताना, कॉम्बो बोर्ड आपोआप बंद पडायला लागला. कॅबिनेट उघडून टॉर्च मारला. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरांची डोकी सपाट असायला हवीत, ती फुगली होती, पुऱ्यांसारखी. दोघांच्या माथ्यावरच्या चिरेतून तपकिरी काहीतरी वाळून बसलं होतं. त्या दशकात खराब इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर गेले होते आणि अनेक कंपन्यांचे बोर्ड असेच सुजून मेले. लॅमिंग्टन रोडच्या एका बोळात स्टुलावर बसलेल्या कारागिराने सहा कपॅसिटर काढून नवे टाकले. जुन्या जागेवरचं कथील काढायला तो तोंडात धरलेल्या नळीने फुंकर मारायचा. अहवाल वेळेवर निघाला. बोर्डाने सहा महिने काढले.

२००८ चा जी३१ चिपसेटचा बोर्ड ही माझी सर्वांत शहाणी खरेदी, आणि म्हणूनच त्याबद्दल सांगण्यासारखं कमी. डीडीआर२ रॅम नवीनच घेतली, मागे प्रिंटर पोर्ट शाबूत. हार्डडिस्कची चपटी केबल लावायला मात्र एकच जागा, म्हणजे दोनच वस्तू. माझ्या दोन डिस्क आणि एक सीडी रायटर. एक डिस्क मेव्हण्याला गेली. या बोर्डांवर पिना प्रोसेसरला नसून सॉकेटात असत. दुकानदार झाकण उघडून, टॉर्च मारून, सगळ्या पिना सरळ असल्याचं दाखवायचा आणि मगच बिल करायचा. एकदा दुकानाबाहेर पडलात की वाकलेली पिन तुमची, वॉरंटी गेली. बोर्ड बदलल्यावर एक्सपीने निळा पडदा दाखवला आणि सगळं पुन्हा टाकावं लागलं, तेवढं सोडलं तर सहा वर्षं त्याने मान वर केली नाही. आधी स्वस्त प्रोसेसर, मग कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला कोअर टू ड्युओ, दोन्ही त्याने पोसले.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला. घेतला एच६१, रॅम डीडीआर३. आणि इथे डोंगलने सूड घेतला. बोर्डाच्या मागे प्रिंटर पोर्ट नव्हती. यूएसबीवरून पोर्ट करणारी वायर आणली, ती प्रिंटरपुरती. कुलूप तिच्यातून बोलत नाही. पीसीआय कार्ड लावलं, तर सॉफ्टवेअर ३७८ या जुन्या पत्त्यावर डोंगल शोधायचं आणि कार्डाचा पत्ता भलताच. शेवटी कळलं की बोर्डावरच कोपऱ्यात पोर्टच्या पिना आहेत, फक्त पट्टी बाहेर काढलेली नाही. ती पट्टी एका दुकानाच्या ड्रॉवरमध्ये धूळ खात होती. डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिटांवर चालेना, म्हणून विंडोज ७ सुद्धा ३२ बिटांचं टाकलं. त्यामुळे चार जीबी रॅम घेऊन तीनच्या थोडी वर वापरायला मिळायची. एका काडेपेटीने बोर्ड, विंडोज आणि रॅम तिन्ही ठरवलं होतं. पुढे गिऱ्हाइकंच व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवायला लागली आणि एक दिवस लक्षात आलं की डोंगल लावून तीन महिने झाले. तो आता देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. का, ते विचारू नका.

२०१९ मध्ये पहिल्यांदा मोकळ्या मनाने बाजारात गेलो. इंटेलचं ११५१ सॉकेट तेव्हा ट्युआलाटिनचीच गोष्ट पुन्हा सांगत होतं: सहाव्या-सातव्या पिढीचं ११५१ वेगळं, आठव्या-नवव्याचं वेगळं, आकार तोच. मी एएमडीचा बी४५० घेतला, २२००जी प्रोसेसर आणि डीडीआर४. २०२३ मध्ये त्याच बोर्डावर ५६००जी बसवला. त्याआधी बायोस अपडेट करावं लागतं आणि त्या पाच मिनिटांत वीज गेली तर बोर्ड गेलाच समजा. गिरगावात वीज जात नाही म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२० ला निम्मी मुंबई अंधारात गेली होती, हे मी विसरलो नव्हतो. यूपीएस मागून आणला, पूर्ण चार्ज केला, मगच हात लावला.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं मशीन विंडोज ११ ला चाललं, आणि शेजारच्या चाळीतली मुलगी तिचा एच६१ घेऊन आली. लेखापरीक्षणाचा अभ्यास करते, चार खासगी हिशेब लिहिते, बजेट आखडतं.

''काका, बोर्ड कुठला घेऊ?''

''आधी सांग, काय ठेवायचंय?''

''रॅम. सोळा जीबी आहे. चुलतभावाच्या मशीनमधली, डीडीआर४. बोर्ड गेलाय त्याचा.''

माझ्या तोंडावर वाक्य तयार होतं, वीस वर्षं घोटलेलं. मग तिच्याबरोबर लॅमिंग्टनला गेलो. नव्या मेट्रोने जाऊ म्हणाली, मी चालतच नेलं. दोन दुकानांत भाव लिहून घेतले. एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव असे चढले होते की कोटेशनच्या कागदावर बोर्डाच्या ओळीपेक्षा रॅमची ओळ मोठी होती. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

तिला एच६१० चा बोर्ड घेऊन दिला. हा डीडीआर४ चा वेगळा येतो, डीडीआर५ चा वेगळा. खोक्यावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून डीडीआर४ चा घेतला. पैसे देताना दुकानदार म्हणाला, ''अंकल, आता दोन्ही स्लॉटवालापण निघालाय. फोर आणि फाइव्ह, एकाच बोर्डावर. मागवू का?''

घरी आल्यावर पोटमाळ्यावरचं खोकं काढलं आणि तिला २००३ चा बोर्ड दाखवला. फुंकर मारल्यावर धुळीखालून दोन्ही रंग नीट दिसले.