जमिनीखालचे पाणी कोणाचे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. तळे डोळ्यांना दिसत होते, ते सार्वजनिक होते. पण जे पाणी दिसत नाही, त्याच्या मालकीचे काय?

१८८२ चा ईझमेंट ॲक्ट सांगतो की, जमिनीखाली ठरावीक प्रवाहाने न वाहणारे पाणी जमीनमालकाने आपल्या हद्दीत हवे तेवढे काढावे. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा, त्याचे पाणी. मग पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीनच मिळू दिली नाही, त्यांच्या वाट्याला काय? टँकरची रांग!

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, साठा मर्यादित. या पाण्याला शेताचा बांध कळत नाही. एकाने उसासाठी खोल बोअर मारले की शेजारची उथळ विहीर आटते, वस्तीचा हातपंप कोरडा पडतो. तोंडाने कोणी पाणी नाकारत नाही, मोटार नाकारते.

कायदे नाहीत असे नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. त्याने ६० मीटरहून खोल विहिरींवर बंधन घातले. तरीही बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात. तक्रार कोणी करायची? ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, त्याच्याविरुद्ध?

वेगळा मार्ग याच मातीत सापडतो. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटले. भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. पाणी टिकवणे आणि पाणी वाटणे ही दोन कामे नाहीत, हे तिथे दिसले.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पावसाळा संपताच ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडा. आधी पिण्याचे पाणी, मग माणशी वाटा, त्यानंतर पिके. त्या ग्रामसभेत आपल्या वस्तीने, विशेषतः हंडा वाहणाऱ्या भगिनींनी, पुढे बसून बोलले पाहिजे आणि ठराव लेखी करून घेतला पाहिजे. चवदार तळ्याचा लढा जमिनीखाली अजून बाकी आहे.