नीलवर्णी फळ : ब्लूबेरीचे आरोग्यगुण व सेवनाचे प्रकार

आरोग्य ही धनाहून मोठी संपत्ती आहे, हे वचन आपण सर्वच जाणतो. परंतु गादीवर दिवसाचे दहा-बारा तास बसणाऱ्या व्यापाऱ्यास त्याचे स्मरण बहुधा डॉक्टरांच्या दवाखान्यातच होते. बैठे काम, घाईचे जेवण, चहाबरोबर फरसाण आणि प्रत्येक शुभप्रसंगी मिठाई, हा आपल्या वर्गाचा नित्यक्रम होऊन बसला आहे. अशा स्थितीत एखादे नवे फळ 'हृदयास हितकर, मधुमेहावर गुणकारी' अशी कीर्ती घेऊन बाजारात आले, की त्याकडे लक्ष जाणे स्वाभाविकच होय. मोठ्या शहरांतील फळांच्या व सुक्या मेव्याच्या दुकानांत हल्ली दिसू लागलेली ब्लूबेरी हे असेच एक फळ आहे. आपण ते खाणारे आहोत, तसेच आपल्यापैकी कित्येक बंधू ते विकणारेही आहेत. यास्तव त्याचे खरे गुण किती व बोलबाला किती, हे दोन्ही नात्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

फळाची ओळख

ब्लूबेरी हे मूळचे उत्तर अमेरिकेतील झुडपाचे फळ. आकाराने करवंदाएवढे वा त्याहून किंचित लहान, रंगाने गडद निळे, आणि वरून पांढुरकी झाक असलेले. तेथील आदिवासी लोक रानातून ही फळे वेचून आणीत व वाळवून हिवाळ्यासाठी साठवीत. या झुडपाची शेती होऊ शकत नाही, असाच समज विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत होता. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखविले की या झुडपास आम्लधर्मी जमीन लागते. सुपीक म्हणून नावाजलेल्या जमिनीत ते खुरटते. १९१० साली प्रसिद्ध झालेला त्याचा वृत्तांत न्यू जर्सी प्रांतातील एलिझाबेथ व्हाइट या बाईंच्या वाचनात आला. त्यांच्या घरी क्रॅनबेरीची शेती होती. त्यांनी कोव्हिलशी पत्रव्यवहार करून आपली जमीन प्रयोगासाठी देऊ केली, आणि रानात फिरणाऱ्या स्थानिक लोकांना मोबदला देऊन सर्वांत टपोरी फळे देणारी झुडपे शोधून आणविली. त्यांतून निवडलेल्या वाणांचे पहिले व्यापारी पीक १९१६ साली बाजारात गेले. आज हे फळ अनेक देशांत पिकते, आणि दक्षिण अमेरिकेतील पेरू हा देश त्याच्या निर्यातीत अग्रेसर झाला आहे. भारतात येणारा माल मुख्यत्वे परदेशी असतो. अमेरिकेतून येणाऱ्या ब्लूबेरीवरील आयातशुल्क कमी करण्याचा समझोता २०२३ साली झाला, हे आपल्या आयातदार सभासदांस ठाऊकच असेल.

गुण कोठे आहे?

शंभर ग्रॅम ताज्या ब्लूबेरीत सुमारे ८४ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम साखर, अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू आणि १० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. उष्मांक केवळ ५७. हे आकडे चांगले आहेत, पण असाधारण नाहीत. 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर आपला आवळा वा पेरू यांच्यापुढे ब्लूबेरी फारच मागे पडते.

या फळाचे वैशिष्ट्य त्याच्या रंगात आहे. अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे त्याची साल निळी दिसते. लागवडीची ब्लूबेरी कापून पाहिल्यास आतला गर फिकट हिरवट आढळतो. म्हणजे रंग, आणि त्याबरोबर बराचसा गुण, सालीत साठविलेला आहे. ही द्रव्ये व पचनानंतर त्यांपासून बनणारे घटक रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराचे कार्य सुधारण्यास साहाय्य करतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ते अस्तर निरोगी असले म्हणजे रक्तवाहिनी गरजेनुसार सैल होते व रक्ताचा प्रवाह सुलभ राहतो.

संशोधन काय सांगते?

२०१३ साली अमेरिकेतील सुमारे ९३,६०० परिचारिकांच्या अठरा वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा ब्लूबेरी वा स्ट्रॉबेरी खाणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण, ही फळे क्वचितच खाणाऱ्यांच्या मानाने, सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत ब्लूबेरी, द्राक्षे व सफरचंदे अखंड खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी, तर फळांचा रस नित्य पिणाऱ्यांत अधिक दिसले. रस व फळ यांतील हा भेद विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तथापि अशा पाहण्यांवरून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. जो मनुष्य नियमाने फळे खातो, तो बहुधा चालतो-फिरतोही अधिक. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळले पाहिजे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वाढलेले वजन, रक्तदाब, रक्तातील साखर अशा चिन्हांमुळे विकाराच्या उंबरठ्यावर असलेल्या ११५ व्यक्तींना सहा महिने ब्लूबेरीची पूड किंवा तिच्यासारखी दिसणारी निर्गुण पूड देण्यात आली. रोज १५० ग्रॅम ताज्या फळाइतकी मात्रा घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांचे कार्य सुधारले. निम्म्या मात्रेने तो परिणाम दिसला नाही. आणि इन्सुलिनच्या कार्यात तर कोणत्याच मात्रेने फरक पडला नाही. या प्रयोगास ब्लूबेरी उत्पादकांच्या संस्थेचे अर्थसाहाय्य होते, हेही नमूद केले पाहिजे.

सारांश, ब्लूबेरी हे उत्तम अन्न आहे, औषध नव्हे. मधुमेही वा हृदयरोगी मनुष्याने तिच्या भरवशावर गोळी चुकविणे म्हणजे हिताच्या नावाखाली अहित करून घेणे होय. रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू असलेल्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कारण या फळात थोडे 'के' जीवनसत्त्वही असते.

सेवनाचे प्रकार

सर्वांत सोपा व सर्वांत गुणकारी प्रकार म्हणजे फळ स्वच्छ धुऊन सालीसकट खाणे. फळावरील पांढुरकी झाक हे नैसर्गिक मेण असून ते ताजेपणाचे लक्षण आहे. म्हणून फळे आणल्याबरोबर धुऊ नयेत. निवडून, नरम पडलेली वा बुरशी धरलेली बाजूस काढून कोरडीच थंड जागी ठेवावीत व खाण्याच्या वेळी धुवावीत. लहान मुलांना अखंड फळ न देता त्याचे तुकडे करून द्यावे, म्हणजे घशात अडकण्याचे भय राहत नाही.

गृहिणींसाठी काही प्रकार सुचवितो. घट्ट दह्यात ब्लूबेरी, किंचित मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून कोशिंबीर करावी. दहीपोह्यांवर किंवा शिजवून गार केलेल्या गव्हाच्या दलियावर मूठभर फळे पसरावीत. डाळिंबाचे दाणे, सफरचंद व लिंबाचा रस यांबरोबर फळांची चाट होते. सणावारी श्रीखंडात साखर कमी करून ही फळे घालता येतात. गरम दुधात मात्र घालू नयेत. आंबटपणामुळे दूध फाटण्याचा संभव असतो. ज्या पदार्थात खाण्याचा सोडा आहे, त्यात हा निळा रंग हिरवट होतो, आणि लिंबाने तो लालसर होतो. हा रंगद्रव्याचा स्वभावच आहे. पदार्थ बिघडला असे समजू नये. शिजविल्याने अँथोसायनिन घटते, गोठविल्याने मात्र ते पुष्कळसे टिकते. यास्तव ताजे फळ महाग पडत असेल तर साखरविरहित गोठविलेले फळ घेण्यास हरकत नाही.

खरेदी-विक्रीतील सावधगिरी

सुकी ब्लूबेरी म्हणून जो माल विकला जातो, तो बहुधा साखरेत मुरविलेला असतो. वजनास वजन लावले तर त्यात ताज्या फळाच्या पाचपटीहून अधिक उष्मांक असतात. ब्लूबेरीच्या नावाची सरबते, जॅम व गोळ्या यांत तर कित्येकदा फळापेक्षा साखर व सुगंधच अधिक. मधुमेही ग्राहकास 'साखरेवर गुणकारी' म्हणून असे पाकीट देणे हे व्यापाराच्या नीतीस शोभणारे नाही. पाकिटावरील घटकांची यादी आधी आपण वाचावी व ग्राहकासही दाखवावी.

आपल्या आचाराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. जेलीसारख्या चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते. ते प्राणिजन्य आहे. मधाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. खाद्यपदार्थांवरील हिरव्या चिन्हाच्या नियमात मध हा मांसाहारी घटकांतून वगळलेला आहे. त्यामुळे हिरवे चिन्ह असलेल्या पाकिटातही मध असू शकतो. ज्यांना मध वर्ज्य आहे त्यांनी केवळ चिन्हावर विसंबू नये. शिवाय ब्लूबेरीत बारीक बिया पुष्कळ असतात. ज्यांनी बहुबीज फळांचा वा अपरिचित फळांचा त्याग केला आहे, त्यांनी गुरुमहाराजांना विचारूनच निर्णय करावा.

जवळची नीलफळे

अशा बंधुभगिनींनी किंवा ज्यांना ही किंमत परवडत नाही त्यांनी, आपण काही मोठ्या लाभास मुकलो असे मानण्याचे कारण नाही. अँथोसायनिन ही ब्लूबेरीची मिरासदारी नव्हे. जिभेला जांभळी करणारे जांभूळ, काळी द्राक्षे, पिकलेले करवंद, या सर्वांचा रंग याच जातीच्या द्रव्यांचा आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जांभूळ हे ब्लूबेरीचे आप्त नाही. ते लवंग व पेरू यांच्या कुळातले. परंतु रंगाच्या नात्याने ती दोन्ही जवळची आहेत. ब्लूबेरीवर जितके प्रयोग झाले तितके जांभळावर झालेले नाहीत, म्हणून त्याच्याविषयीही अतिशयोक्ती करू नये. पण पावसाळ्याच्या तोंडी खानापूरच्या रानातून बेळगावच्या बाजारात येणारी जांभळे-करवंदे ताजी असतात, स्वस्त असतात, आणि त्यांत कोणी साखर मुरविलेली नसते.

ज्यांना ब्लूबेरी मिळते, परवडते व आचारास चालते, त्यांनी ती आनंदाने खावी. पण जेवणावर अधिकची भर म्हणून नव्हे, तर पेढ्या-बर्फीच्या जागी. ताटातील एक गोड पदार्थ कमी करून त्या जागी ऋतूचे एक अखंड फळ आले, मग ते परदेशचे असो वा आपल्या शिवारातले, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.