हट्ट नव्हे, अडकणे

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना ठरलेले बदललेले सोसत नाही, हे निरीक्षण ऑटिझमच्या वैद्यकीय इतिहासाइतकेच जुने आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर निबंध लिहिला. ‘सगळे आहे तसेच राहावे’ हा मुलांचा आग्रह त्यांनी त्यात ठळकपणे नोंदवला होता. पावसामुळे मैदानाचा तास रद्द झाला की थयथयाट करणारे, डोके आपटून घेणारे मूल आजूबाजूच्यांना हट्टी वाटते. प्रत्यक्षात ते अडकलेले असते.

एका कल्पनेवरून दुसरीवर जाणे हे मेंदूच्या नियोजन करणाऱ्या यंत्रणेचे काम. कपाळामागचा भाग त्यात महत्त्वाचा असतो. हे मोजण्याची एक जुनी चाचणी पत्त्यांची आहे. पत्ते रंगाने, आकाराने की संख्येने लावायचे हे सांगितले जात नाही. फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच कळते. नियम हाती लागला की तो गुपचूप बदलला जातो. स्वमग्न व्यक्ती सरासरीने जुन्याच नियमाला जास्त वेळ चिकटून राहतात. मात्र शांत खोलीत चाचणी नीट देणारे मूल गजबजलेल्या वर्गात कोलमडू शकते, म्हणून केवळ गुणांवरून अंदाज बांधणे धोक्याचे.

ही लवचीकता शिकवता येईल का? वॉशिंग्टनच्या चिल्ड्रन्स नॅशनल रुग्णालयातील लॉरेन केनवर्दी आणि सहकाऱ्यांनी ‘अनस्टक अँड ऑन टार्गेट’ हा शालेय अभ्यासक्रम त्यासाठी तयार केला. त्याची भिस्त शब्दांवर आहे. ‘मी अडकलोय’, ‘प्लॅन बी काय?’, ‘ही मोठी गोष्ट की छोटी?’ अशी ठरावीक वाक्ये मूल शांत असताना, खेळातून घोटून घेतली जातात. शिक्षक आणि पालक तीच वाक्ये वापरतात, स्वतःची बस चुकली तरी मोठ्याने ‘आता प्लॅन बी’ म्हणतात. शाळेत एक आणि घरी दुसरीच भाषा असेल, तर शिकलेले वर्गातच राहते. उद्रेक सुरू झाल्यावर मात्र उपदेश व्यर्थ. तेव्हा आवाज कमी करणे, बोलणे आवरणे आणि वाट पाहणे एवढेच हाती उरते.

या अभ्यासक्रमाची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तिसरी ते पाचवीची ६७ मुले होती. काहींना हा अभ्यासक्रम, तर इतरांना सामाजिक कौशल्यांचे प्रशिक्षण मिळाले. सामाजिक वागणे दोन्ही गटांत सुधारले. पण प्रश्न सोडवणे, लवचीकता आणि नियोजन यांत पहिला गट पुढे गेला. कोण कोणत्या गटात हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांनाही वर्गातला फरक दिसला: सूचना पाळणे, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे सोपे झाले होते.

ही सगळी मुले बोलणारी आणि सर्वसाधारण बुद्ध्यांकाची होती, हे विसरून चालणार नाही. न बोलणाऱ्या मुलासाठी दिवसाचे चित्रमय वेळापत्रक आणि त्यात ‘बदल’ दाखवणारे एक कार्ड अधिक उपयोगी पडते. शिवाय दिनक्रम मोडून काढणे हा इथे हेतू नव्हे. त्या दिनक्रमातच अनेकांना निवांतपणा मिळतो.

आणि प्रत्येक उद्रेकामागे ताठर विचारच असतो असेही नाही. गोंगाट, टोचणारा कपडा, बद्धकोष्ठता, दातदुखी यांनीही मूल बिथरते. वागणे अचानक बिघडले, तर पालकांनी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.