तक्त्यावरचं ‘नको’

१९७२ चं साल नगर जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. विहिरी आटल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडू लागली, कित्येक घरांनी पुण्या-मुंबईची वाट धरली. हिवरे बाजार त्यातलंच एक गाव. १९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवारांना सरपंच केलं आणि मग चर खणले गेले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, त्यावर कोणतं पीक घ्यायचं, याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडायची रीत पडली. आमच्या भागात ‘ग्रामसभेत बोलणं’ या शब्दांना वजन आलं ते तेव्हापासून. पण ज्यांना तोंडानं बोलताच येत नाही, त्यांचं काय, हा प्रश्न माझ्या मनात त्या ग्रामसभेमुळे आला नाही. तो माझ्या आत्याच्या घरात आला.

त्याच १९७२ साली मुंबईत मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या. मिथूताईंची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी होती. या अवस्थेत मेंदूकडून स्नायूंना जाणारे हुकूम बिघडतात. हात-पाय ऐकत नाहीत, जीभ-ओठ ऐकत नाहीत, आणि बोलणं फुटत नाही म्हणून लोक धरून चालतात की डोक्यातही काही नाही. मालिनीनं झेव्हियर्समधून पदवी घेतली, पुढे लंडनमध्ये शिकून दोनदा एम. ए. केलं. बोटानं अक्षरं दाबली की मशीन ती वाचून दाखवतं, अशा ‘लाइटरायटर’वर ती लोकांशी बोलू लागली. ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र तिनं एका बोटानं टाइप केलं. २०१४ चा ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा सिनेमा तिच्या नात्यातल्या बहिणीनं, शोनाली बोस यांनी, तिच्यावरून सुचून काढला.

माझी आत्येबहीण नगर तालुक्यातल्या एका वाडीवर वाढली. दुखणं तेच. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण विचारलं तेव्हा तिनं ‘नको’वर मूठ ठेवली.

ते ‘नको’ तिला फार उशिरा मिळालं. लहानपणी तिचं सगळं बोलणं डोळ्यांत होतं. वर पाहिलं की हो, मान फिरवली की नाही, आणि ते वाचता यायचं फक्त आत्याला. पुढे एका शिबिरात आलेल्या बाईंनी तक्ता करायला शिकवलं. शर्टच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलेली पाच घरं : चहा, पाणी, भूक, संडास, झोप. वर प्लास्टिकचा कागद. आम्हाला वाटलं, झालं, सोय झाली. पाच-सहा वर्षं ती त्या पाच घरांत राहिली.

मग दुसऱ्या एक शिक्षिका आल्या. त्यांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, “हिला एखादी गोष्ट नको असेल, तर हिनं कुठे हात ठेवायचा?” आत्या गप्प झाली. त्या दुपारी सहावं घर आलं, लाल फुलीचं. संध्याकाळी नेहमीसारखी दुधात कुस्करलेली भाकरी पुढे आली. बहिणीची मूठ थरथरत फुलीवर गेली. आत्यानं विचारलं, भूक नाही का गं? मूठ ‘भूक’वर, आणि परत फुलीवर. मग तिनं भावाच्या ताटाकडे पाहिलं. आमटी होती, कडेला ठेचा. आत्यानं भाकरी आमटीत कुस्करली आणि ठेच्याचं बोट लावलं. पोर ठसकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं पुन्हा तोंड उघडलं. कितीतरी वर्षं दूधभाकरी तिला आवडते असंच घरानं ठरवून ठेवलं होतं.

मागे वळून पाहताना मला हेच सगळ्यात मोठं वळण वाटतं. आपण तक्ते करतो ते आपली कामं उरकायला : पाजायचं, भरवायचं, झोपवायचं. त्यात ‘नको’ नसतं, ‘का’ नसतं, ‘तू चुकलीस’ नसतं, ‘मला गंमत सांग’ नसतं. तक्त्यावरून बोलण्याच्या या पद्धतीला पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात, या क्षेत्रातले लोक नुसतं एएसी म्हणतात. त्यातला ‘संवाद’ बहुतेक घरांत राहूनच जातो.

२००१ च्या जानेवारीत वाचा गमावलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग एका परिषदेसाठी मुंबईत आले होते. एकोणसाठावा वाढदिवसही त्यांचा इथेच झाला. ते हातातलं बटण दाबून पडद्यावरचा एकेक शब्द निवडायचे, वाक्य व्हायला वेळ लागायचा, आणि भरलेलं सभागृह चिडीचूप थांबायचं. माझ्या बहिणीला एक शब्द दाखवायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढं थांबणारा पाहुणा मी क्वचितच पाहिला. “काय म्हणते ही?” असं तिच्यासमोर आत्याला विचारून माणसं मोकळी होतात.

साधनं इंग्रजीतून आली, आणि मराठी घरात ती कुठे अडतात हे वापरल्याशिवाय कळत नाही. इंग्रजी चित्रसंचात ‘आंटी’चं एक चित्र असतं. आमच्याकडे आत्या, मावशी, काकू, मामी या चार वेगळ्या बायका आहेत आणि चौघींकडून हवं असतं तेही वेगळं. ‘वी’ला एक चित्र पुरतं. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं तर समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं तर आत येतो. “आपण जत्रेला जाऊ” आणि “आम्ही जत्रेला जाऊ” यांतला फरक ज्याला दाखवता येत नाही, त्याचं बोलावणंच समोरच्यापर्यंत पोचत नाही. मुलगी ‘मी जाते’ म्हणणार, मुलगा ‘मी जातो’. तक्ता करतानाच हे पाहावं लागतं. अक्षरांचा तक्ता केला तर इंग्रजीत सव्वीस घरांत काम भागतं. आपल्याकडे स्वर, व्यंजनं, वर मात्रा. नुसतं ‘ज्ञानेश्वर’ लिहायला, ‘ज्ञ’ला स्वतंत्र घर दिलं तरी, आठ वेळा हात उचलावा लागतो. २०१३ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातून ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड आला. त्यात व्यंजन दाबलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं. तो सगळ्यांसाठीच होता, पण बाराखडीची रचना बोटाला सोपी करता येते हे त्यानं दाखवलं. त्याच आयडीसीत बोलू न शकणाऱ्यांसाठी ‘जेलो’ हे चित्रांचं मोफत अ‍ॅप तयार झालं. ते मराठीतही बोलतं. बहिणीच्या टॅबवर ते आहे. पुठ्ठ्याचा तक्ता मात्र आत्यानं टाकलेला नाही, लोडशेडिंगमध्ये तोच चालतो. पावसात भिजला म्हणून तीनदा नव्यानं केला, आता त्यावर बेचाळीस घरं आहेत.

एक भीती प्रत्येक घरात भेटते : तक्ता हातात दिला तर पोर बोलायचा प्रयत्न सोडून देईल. आमच्याकडेही त्यात दोन वर्षं गेली. २००६ साली जुन्या अभ्यासांची काटेकोर छाननी प्रसिद्ध झाली. त्यातल्या भक्कम पुराव्याच्या २७ व्यक्तींपैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. हे अंगणवाडीताईंपर्यंत आणि तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचलं असतं, तर किती मुलांची वर्षं वाचली असती.

कायदाही हळूहळू इथवर आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात वाचा आणि भाषेची अक्षमता आली, आणि ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धती स्पष्ट लिहिल्या गेल्या. म्हणजे माझ्या बहिणीची फुलीवर ठेवलेली मूठ कायद्याच्या लेखी बोलणंच आहे. दाखल्यासाठी मात्र एका कार्यालयात “तिला काय विचारायचं, तुम्हीच सांगा” हे मी स्वतः ऐकलं आहे.

ऑक्टोबर महिना जगभर एएसीच्या जागृतीसाठी पाळला जातो. २ ऑक्टोबरला आपल्याकडे गावोगाव ग्रामसभा भरते. पाण्याचा थेंब न् थेंब मोजून सभेपुढे मांडणारं गाव आमच्या जिल्ह्यात आहे, तेव्हा हे मागणं जड नाही : येत्या सभेला गावातल्या न बोलणाऱ्या माणसाला त्याच्या तक्त्यासकट घेऊन या. प्रश्न त्यालाच विचारा, आईला नको. आणि तो हात उचलेपर्यंत सभा थांबवा.